कडं

सहा हजार आठशेला आली ही काच,
तीही दोन हप्त्यांत.
कुरिअरवाल्या पोरानं तासगाव स्टँडवर हातात दिली
तेव्हा वाटलं, चुकून कुणाचं तरी तागडीतलं वजन आलंय:
जड, गार, आत ना मोटर, ना तार.

कॅमेऱ्यानं तिला ओळखलंच नाही.
लेन्स बसवलेली नाही, म्हणाला.
मेनूत खोल कुठंतरी एक ओळ असते,
लेन्स नसली तरी फोटो घेऊ दे,
ती चालू केली
आणि नसलेल्या लेन्समधून
दिसायला लागलं.

लग्नात मी दुसरी वापरतो, स्टुडिओची.
ती नवरीचा डोळा आपला आपण शोधते,
हिरव्या चौकोनात धरून ठेवते,
माझं काम बोटापुरतं.
एका सीझनला चाळीस नवऱ्या.
एकीचाही चेहरा आठवत नाही.

मणेराजुरीच्या वाटेला बेदाण्याचं शेड आहे.
गंधकाचा वास नाकात बसतो तो रात्रीपर्यंत.
पत्र्याला टांगलेला एक पिवळा बल्ब,
खाली बायका ओळीनं,
पुढ्यात ढीग, हिरवा, पिवळा, काळा,
काड्या वेगळ्या.
एवढ्याशा उजेडात स्टुडिओची लेन्स
मागंपुढं करत राहते,
दावं चुकलेल्या वासरासारखी.
हिला एक पॉइंट दोनपर्यंत उघडलं
की भिंतीत कुणी खिडकी पाडल्यासारखं होतं.

पण मग पुढचं सगळं हातावर.
कडं फिरवायचं.
जिथं नीट दिसतं तिथं स्क्रीनवर लाल रेघा चढतात
मुंग्यांसारख्या,
पदराच्या काठावर, मग नाकावर, मग कानातल्यावर,
डोळ्यावर आल्या म्हणावं तोवर
जैतूनमावशी वाकलेली असते.
नीट दिसण्याची जाडी किती?
एका बेदाण्याएवढी.
अलीकडं धुकं, पलीकडं धुकं.

"काय ओ, किती येळ पिळताय त्येला?
आमच्या पोराच्या मोबाइलमधी
बटण दाबलं की येतंय."
मी म्हटलं, हे हातानं करायचं असतं.
"मग आमच्यागतच की,"
आणि मान वर न करता
एक काडी काढून टाकली.

तिसऱ्या दिवशी कडं फिरवणं सोडलं.
हातभर अंतरावर लावून ठेवलं
आणि मीच झुकायला लागलो,
तिच्या वाकण्याबरोबर पुढं, मागं,
श्वास अर्धा सोडून.
चव्वेचाळीस फुकट गेले.
पंचेचाळिसाव्यात
दोन बोटं, त्यांत एक बेदाणा,
सुरकुत्या मोजाव्यात असा,
चेहरा मऊ,
आणि पाठीमागं दारातल्या उन्हाचे
मोठेमोठे पिवळे गोल.
कडेचे लिंबासारखे चेपलेले.
स्वस्त काचेचा दोष म्हणतात. मला आवडले.

प्रिंट नेऊन दिली.
मावशीनं लांब धरली, जवळ धरली,
मग थोडी लांब,
आपलं अंतर आपण शोधलं.
"मी आलीय झ्याक. पर ह्ये मागं पिवळं काय?"
उजेड, मी म्हटलं.
"उजेड न्हवं त्यो. तितं आफरीन बसल्याली,
आमची सून. पिवळी साडी.
गायबच केली की ओ तुमी."
ओळभर बायका हसल्या,
आफरीन सगळ्यांत जोरात.

दुसऱ्या दिवशी दुसरं कडं, अ‍ॅपर्चरचं, आठवर नेलं.
दार सताड उघडलं,
कॅमेरा क्रेटवर टेकवला, सांगितलं, हलू नका.
पंधरा बायका, पंधरा ढीग, पत्र्यावरचा गंज,
पतसंस्थेचं कॅलेंडर तारखेसकट,
सगळं एकदमच खरं.
आफरीनचा हात हलला तेवढा.
तोच फोटो मावशीनं फ्रेम करून घेतला.

माझा पंचेचाळिसावा कार्डातच आहे.
माहिती उघडली की कॅमेरा सांगतो
तारीख, वेळ, शटर.
लेन्सपुढं दोन आडव्या रेघा.
अ‍ॅपर्चर: शून्य.
म्हणजे त्याच्या लेखी
त्या दिवशी उजेड आतच आला नव्हता.

दुसरा हप्ता पाच तारखेला.